पाणी उतरते, सायकल चढते

वागळे इस्टेटच्या पश्चिमेला डोंगर आहे. कारखान्यांच्या पत्र्यांवरून, काचेच्या नव्या इमारतींमधल्या फटींतून, किसन नगरच्या गल्ल्यांच्या टोकाशी तो वर्षभर दिसतो. पण पावसाळ्यात तो चार पावले पुढे सरकल्यासारखा वाटतो. जून संपता संपता त्याचा करडा रंग जाऊन हिरवा येतो, ढग माथ्यावर बसून राहतात आणि मोठी सर ओसरली की उतारावर ओढ्यांच्या पांढऱ्या रेघा उमटतात. या रांगेचा ठाण्याकडचा भाग म्हणजे येऊर. इस्टेटीतून येऊरच्या पाड्यांपर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा रस्ता आहे. पावसात, माउंटन बाइकवर, एकट्याने हा रस्ता चढून जाणे आणि परत येणे हा ठाण्यातल्या अनेक सायकलस्वारांचा पावसाळी नेम आहे. अंतर थोडे आहे. तरीही हा प्रवास पाण्याच्या उलट दिशेने जातो : जे पाणी डोंगरावर पडते आणि शहरातून वाहत खाडीला मिळते, त्याच्या उगमाकडे सायकलस्वार चढत असतो. म्हणून या फेरीत ठाण्याचा भूगोल पायांना कळतो.

आधी पायथ्याची वस्ती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्याच्या अगदी पहिल्या औद्योगिक वसाहतींत वागळे इस्टेटची गणना होते. वसाहत आखीव होती, म्हणून तिथल्या रस्त्यांना माणसांची नावे मिळाली नाहीत, क्रमांक मिळाले. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस हे पत्ते आजही तसेच सांगितले जातात. लेथ, प्रेस, छपाई, औषधे, सुटे भाग अशी कामे करणाऱ्या शेडभोवती कामगारांच्या चाळी आणि वस्त्या उभ्या राहिल्या. त्या काळी पाळीवर येणाऱ्या कामगाराचे वाहन म्हणजे काळी, दणकट, एकाच गिअरची सायकल. कॅरिअरला डबा आणि हँडलला छत्री. आता बऱ्याच शेडच्या जागी आयटी पार्क आणि निवासी मनोरे आले आहेत. कामाची सायकल मागे पडली आणि तिच्या जागी आवडीची सायकल आली. रस्ता तोच, चढ तोच. पॅडल मारणाऱ्याचे कारण बदलले.

डोंगर मात्र फार जुना आहे. मुंबई आणि ठाणे ज्या साष्टी बेटावर वसले आहेत त्याचा हा कणा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरले. त्याच ज्वालामुखी घडामोडींतून या टेकड्यांचा खडकही तयार झाला. त्याच्यावरची झीज म्हणजे तांबूस मुरूम आणि माती. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या रांगेवर सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरले आहे. जांभूळमाळ हा त्यातला सर्वांत उंच माथा, ४६८ मीटरचा. उंचीच्या मानाने या डोंगराचे काम मोठे आहे. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या मुंबईच्या नद्यांचे उगम इथलेच. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये याच डोंगराच्या कुशीत बांधून झाला, आणि मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले ते विहारपासून. पूर्वेकडच्या उताराचे पाणी ठाण्याकडे येते : उपवनच्या तलावात, नाल्यांत आणि शेवटी ठाणे खाडीत. म्हणजे वागळे इस्टेटच्या रस्त्यावर सायकलच्या चाकाखालून जे पाणी वाहत असते, त्यातले काही थोड्या वेळापूर्वी डोंगरावरच्या पानांवर पडलेले असते.

या भागात वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण चार महिन्यांचा पाऊस एकसारखा नसतो. शेतकरी तो नक्षत्रांवर ओळखतात, आणि ही जुनी वाटणी सायकलस्वारालाही उपयोगी पडते. मृगाचा पाऊस वादळी, तुटक आणि गडगडाटाचा. रस्त्यावर उन्हाळाभर साचलेली धूळ आणि वाहनांचे सांडलेले तेल पहिल्या सरीत वर येते, त्यामुळे चाकाला सर्वांत जास्त दगा देणारा रस्ता मृगातला. आर्द्रापासून पाऊस स्थिरावतो. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. जुलैतल्या या दोन नक्षत्रांत झड लागते, ओढे भरून वाहतात आणि डांबर धुऊन काळेभोर होते. आश्लेषा-मघांच्या सुमारास श्रावणातला ऊनपाऊस सुरू होतो. सर येते, जाते, मध्येच पिवळे ऊन पडते. रस्ता स्वच्छ, झाडे तृप्त आणि हवा मऊ असते. या फेरीसाठी हा काळ सर्वांत चांगला. ज्या दिवशी हवामान खात्याने लाल इशारा दिलेला असेल त्या दिवशी मात्र सायकल भिंतीला टेकलेलीच बरी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता; हा प्रदेश काय करू शकतो ते त्या आकड्यात आहे.

माउंटन बाइक हा प्रकार तसा अलीकडचा. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन तामालपाईस डोंगराच्या मातीच्या वाटांवरून उतरू लागले. त्या सायकली मोडत, ब्रेकमधले ग्रीस जळून जाई. मग त्यांनी गिअर बसवले, ब्रेक बदलले, आणि १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी घडवलेली चौकट तयार केली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकची शर्यत झाली, तोवर ही सायकल जगभर पोचली होती. तिच्या रचनेतला प्रत्येक बदल खडबडीत, ओल्या, चढाच्या जमिनीसाठी आहे. टायर रुंद आणि खोल खाचांचे, म्हणजे चिखल खाचांतून बाहेर फेकला जातो आणि रबर जमीन धरून राहते. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग किंवा हवेचे शॉक, म्हणजे खड्ड्याचा धक्का मनगटापर्यंत येत नाही. हँडल रुंद, म्हणजे चाक घसरू लागले तर सावरायला जोर मिळतो. हलके गिअर, म्हणजे चढावर पाय फिरत राहतात. आणि डिस्क ब्रेक. रिमवर घासणाऱ्या जुन्या ब्रेकला पावसात आधी रिमवरचे पाणी पुसावे लागते, मग पकड येते. तेवढ्यात सायकल दोन-तीन मीटर पुढे गेलेली असते. चाकाच्या मध्याशी बसणाऱ्या डिस्कला हा उशीर कमी लागतो.

पावसाळी फेरीची तयारी घरातूनच होते. एरवी चाळीस-पन्नास पौंड हवा भरली जाते. ओल्या रस्त्यासाठी ती पाच-सात पौंडांनी कमी ठेवतात. टायर जमिनीवर थोडे पसरते आणि पकड वाढते. चेनला पावसाळ्यासाठीचे जाडसर तेल, कारण पातळ तेल पहिल्या सरीत धुऊन जाते. मडगार्ड लावलेले बरे, नाहीतर मागच्या चाकाने उडवलेल्या चिखलाची रेघ मानेपर्यंत जाते. पिशवीत एक जादा ट्यूब, टायर उतरवायच्या पट्ट्या, हातपंप, पाना, फोनसाठी प्लास्टिकची पिशवी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू किंवा राजगिऱ्याची चिक्की. मागे लाल दिवा, डोक्यावर हेल्मेट. रेनकोटबद्दल मतभेद आहेत. चढावर घामाने माणूस आतून भिजतोच, म्हणून बरेच जण चढताना तो घालत नाहीत आणि उतरताना वारा लागू नये म्हणून घालतात. आणखी एक तयारी एकट्याने जाणाऱ्याने चुकवू नये : कुठे जातो आणि किती वाजेपर्यंत परत येतो हे घरी सांगून निघणे.

इस्टेटीतला पहिला टप्पा सपाट असला तरी तोच सर्वांत निसरडा असतो. टेम्पो आणि ट्रक जिथे उभे राहतात तिथे डिझेल सांडलेले असते आणि पाण्यावर त्याचे इंद्रधनुषी तवंग तरंगतात. त्यावर ब्रेक दाबला की चाक गेलेच. पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, ओला पुठ्ठा आणि प्लास्टिक यांवरूनही हँडल सरळ ठेवून, पॅडल न मारता जावे लागते. साचलेल्या पाण्याखाली खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, म्हणून पुढच्या रिक्षाचे चाक कुठे आपटते याकडे लक्ष ठेवणे हा इथला शहाणपणा. सकाळी सहा-साडेसहाला इस्टेटीत चहाच्या टपऱ्या उघडत असतात, रात्रपाळी सुटलेली माणसे छत्र्या सावरत थांब्याकडे जात असतात, आणि रस्त्याच्या कडेने तांबूस पाणी जोरात वाहत असते. त्या पाण्याच्या उलट दिशेला वळले की रस्ता बरोबर सापडतो.

सावरकर नगर, यशोधन नगरच्या बाजूने पुढे गेले की वर्तक नगर येते आणि तिथून पोखरण रोड नंबर एक उपवनकडे जातो. या भागात चढ सुरू झालेला असतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळतो. उपवन तलावाशी शहर संपते. तलावाच्या एका बाजूला इमारती, फेरफटका मारणारे लोक आणि मक्याची कणसे भाजणाऱ्या गाड्या आहेत. दुसऱ्या बाजूला थेट डोंगर उठतो. मोठ्या पावसानंतर तलावाचे पाणी मातीच्या रंगाचे होते, कारण डोंगराने पाठवलेला गाळ त्यात येऊन थांबतो. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. यातल्या अनेक तलावांना आता इमारतींनी चारही बाजूंनी घेरले आहे. उपवनला मात्र अजून पाठीमागे डोंगर आहे, आणि तो आहे म्हणूनच दरवर्षी त्यात नवे पाणी येते.

उपवनच्या पुढे येऊरचा घाट. हा रस्ता डांबरी आहे, अरुंद आहे आणि वळणे घेत झाडीतून वर जातो. पहिल्याच वळणावर सायकलस्वाराला दोन गोष्टी कराव्या लागतात : गिअर वेळेवर हलका करणे आणि अपेक्षा कमी करणे. चढ सुरू झाल्यावर, पायांवर पूर्ण भार असताना गिअर बदलला तर चेन कुरकुरते, कधी उतरते. म्हणून वळण दिसले की आधीच बदल करायचा. सीटवरून उठून, उभे राहून जोर लावायचा मोह होतो. पण ओल्या रस्त्यावर उभे राहिले की मागच्या चाकावरचे वजन कमी होते आणि ते जागच्या जागी फिरते. त्यापेक्षा सीटच्या पुढच्या टोकाशी सरकून, कोपर वाकवून, छाती हँडलकडे झुकवून बसावे. मग पुढचे चाक उचलले जात नाही आणि मागचे सुटत नाही. वेग ताशी सात-आठ किलोमीटर असतो, भराभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त.

हा संथ वेग या फेरीचे सर्वांत मोठे देणे आहे. मोटारीच्या काचेवर पाऊस हा अडथळा असतो आणि वायपर तो दूर सारत राहतो. सायकलवर पाऊस अंगाला लागतो आणि त्याचे प्रकार वेगळे कळतात. उघड्यावरचा पाऊस तिरपा आणि टोचरा. झाडाखालचा पाऊस उशिराचा, मोठ्या थेंबांचा. सर थांबल्यावरही पाने पंधरा-वीस मिनिटे तो गाळत राहतात. ढगातून जाताना पडतो तो पाऊस म्हणावा की नाही असा. भुवयांवर, दंडावरच्या लवेवर बारीक मणी जमतात आणि बाही ओली होते तरी थेंब दिसत नाही. रस्त्याच्या कडेच्या चरातून पाणी खाली धावत असते. वळणावळणावर त्याचा रंग बदलतो. उपवनजवळ ते तांबडे, अर्ध्या घाटात फिकट चहासारखे, आणि जिथे वरचे जंगल दाट आहे तिथल्या ओहोळात काचेसारखे नितळ. झाडांच्या मुळांनी आणि कुजलेल्या पानांच्या थराने माती धरून ठेवली की पाणी स्वच्छ राहते. जिथे उतार खणला गेला आहे तिथून ते माती घेऊन निघते. जंगल का राखायचे याचे उत्तर या चरात, रंगाच्या रूपाने, ज्याला थांबून पाहायचे त्याला दिसते.

घाटाच्या कडेची झाडी मिश्र पानझडीची आहे : साग, ऐन, कळंब, कुडा, पळस, पांगारा, मोह आणि उतारावर करवीची दाट झुडपे. करवी सात वर्षे नुसती पानांवर जगते आणि आठव्या वर्षी एकदम फुलते. या उद्यानात तिचा मोठा बहर २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये आला. पावसाच्या सुरुवातीला दगडांच्या बेचक्यांतून रानहळदीचे गुलाबी तुरे वर येतात. पुढे पेव फुलतो, कळलावीच्या लाल-पिवळ्या पाकळ्या कुंपणांवरून डोकावतात, आणि श्रावणाच्या सुमारास दरडी तेरड्याने गुलाबी होतात. पावशाचा ‘पेरते व्हा’ हा सूर जूनमध्ये दिवसभर चालू असतो. पावसाबरोबर येणारा नवरंग झाडीत लपून दोन सुरांची शीळ घालतो. ओढ्याच्या आसपास शीळकरी कस्तुर असतो. त्याची शीळ ऐकून एखादा मुलगा रमतगमत येत असावा असे वाटते. उघडीप मिळाली की राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, रस्ता ओलांडते. काळ्या पंखांवर निळसर ठिपक्यांचे पट्टे असलेले हे मोठे फुलपाखरू २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झाले.

एक दृश्य या घाटात हमखास दिसते. मोठी सर येऊन गेली की चरातले खेकडे डांबरावर येतात. तळहाताहून लहान, मातकट तपकिरी, नांगीकडे नारिंगी झाक. सायकलचे चाक हातभर अंतरावर आले की खेकडा पळत नाही. थांबतो, दोन्ही नांग्या वर करतो आणि एवढ्या मोठ्या यंत्राला सामोरा उभा राहतो. सायकलस्वार हँडल थोडे वळवून बाजूने जातो. मग खेकडा नांग्या खाली घेतो आणि तिरक्या चालीने पलीकडच्या चराकडे निघतो. त्याला रस्ता पार करायला अर्धे मिनिट लागते. त्या अर्ध्या मिनिटात वरून मोटार आली तर तो तिथेच चिरडला जातो, आणि पावसाळी रविवारच्या दुपारी असे चिरडलेले खेकडे या रस्त्यावर मोजावे तितके असतात. मोटार चालवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याला तो दिसतच नाही.

एकट्याने जाण्याचा अर्थ इथे कळू लागतो. लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींत एकट्याने भाग घेणाऱ्यांचा वेगळा मान असतो. २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची, सुमारे ४९०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ बारा दिवसांच्या आत एकट्याने पूर्ण केली. गोकुळनाथ ही शर्यत एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. येऊरच्या आठ-नऊ किलोमीटरची त्याच्याशी तुलना नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी : श्वास आणि पाय यांचा हिशेब स्वतःच ठेवावा लागतो. गटात जाताना पुढच्याचे चाक वेग ठरवते आणि बोलण्यात चढ विसरला जातो. एकट्याला चढ विसरता येत नाही. दोन पॅडलला एक श्वास, मग चढ वाढला की एका पॅडलला एक श्वास, अशी लय आपोआप बसते. ती बसली की डोक्यातली घराची, कामाची, पैशांची चिंता हळूहळू गप्प होते आणि कानांना जागा मिळते. मग चेनचा आवाज, टायरखाली पाणी फाटल्याचा आवाज, दूरच्या ओढ्याचा घोष असे एकेक वेगळे ऐकू येतात. वागळे इस्टेटीत राहणाऱ्या माणसाला एवढी शांतता एरवी कुठे मिळत नाही. तिच्यासाठीच लोक पहाटे उठून, भिजत इथे येतात.

घाट संपला की जमीन थोडी सपाट होते आणि पाडे लागतात : पाटोणपाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा, रोणाचा पाडा. इथे प्रामुख्याने वारली आणि इतर आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जुलैत लहान खाचरांत भाताची लावणी चालू असते. डोक्यावर प्लास्टिकचे इरले घेतलेल्या बायका गुडघाभर चिखलात वाकून रोपे खोवत असतात, आणि बाजूच्या रस्त्याने सायकलवाला निव्वळ हौसेने भिजत जात असतो. हा फरक सायकलस्वाराने लक्षात ठेवावा. त्याच्यासाठी जे रम्य रान आहे ते इथल्या लोकांचे घर, शेत आणि भाजीचा मळा आहे. पावसाळ्यात याच रानातून टाकळा, कुर्डू, शेवळे, कंटोली, भारंगी अशा रानभाज्या खुडल्या जातात आणि ठाण्याच्या बाजारात येतात. कोणती भाजी कोणत्या पावसानंतर येते, कोणती चिंच किंवा काकड घालून शिजवली नाही तर घशाला खाजते, हे ज्ञान त्या बायकांकडे आहे. रस्त्यात भाजी विकायला बसलेली मावशी दिसली तर घासाघीस न करता जुडी घ्यावी.

या डोंगराचे आणखी काही रहिवासी आहेत. उद्यानात आणि त्याच्या आसपास पन्नासच्या आगेमागे बिबटे असल्याचे कॅमेऱ्यांच्या नोंदींतून दिसले आहे. वारली समाज वाघोबाला देव मानतो. वाघ आणि बिबट्या दोघेही त्या नावात येतात. शहरात बिबट्याची बातमी होते. पाड्यावर त्याच्याशी जुनी वहिवाट आहे, आणि ती वहिवाट काही साध्या नियमांवर चालते. अंधार पडायच्या आत परत फिरावे. पहाटे फार लवकर येऊ नये. वळणावर घंटी वाजवावी. झुडपाच्या कडेला वाकून, बसून राहू नये. लहान मूल एकटे सोडू नये. सायकलस्वाराला हे सगळे लागू आहे. डांबरी रस्ता सोडून आत जाणाऱ्या पायवाटा कितीही खुणावत असल्या तरी त्या राष्ट्रीय उद्यानाच्या आहेत. वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे जाणे कायद्याने मना आहे. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि ओढ्यांवर प्रशासन बंदीचे आदेश काढते. त्यामागे दरवर्षीचे बुडालेले जीव आहेत. वर ढगफुटीसारखी सर आली की ओढ्याचे पाणी काही मिनिटांत कमरेएवढे होते, आणि ती सर खाली उभ्या माणसाला दिसलेली नसते.

परतीचा उतार चढापेक्षा अवघड. चढावर चूक झाली तर पाय टेकतो. उतारावर चूक झाली तर माणूस आपटतो. ओल्या डांबरावर सायकल थांबायला कोरड्यापेक्षा बरेच जास्त अंतर लागते. म्हणून वेग आधीच कमी ठेवायचा, ब्रेक वळणाच्या आत नव्हे तर वळण येण्यापूर्वी लावायचा, दोन्ही ब्रेक हलके आणि सारखे दाबायचे. नुसता पुढचा ब्रेक आवळला तर पुढचे चाक घसरते, नुसता मागचा आवळला तर शेपूट फिरते. शरीर सीटच्या मागे सरकवावे, पॅडल समांतर ठेवावीत, वळणात आतल्या बाजूचे पॅडल वर असावे. जिथे वर्षभर सावली असते तिथे डांबरावर शेवाळाची हिरवट साय धरलेली असते. ती सायकल सरळ ठेवूनच पार करावी. हात थंडीने बधिर होतात, म्हणून अर्ध्या घाटात एकदा थांबून बोटे चोळून घेणे चांगले. त्या थांब्यावरून खाली ठाणे दिसते : उपवनचा तलाव, इमारतींची दाटी, पलीकडे खाडीची करडी पट्टी आणि तिच्या पार पारसिकचा डोंगर. ढग मध्ये आला की सगळे पुसले जाते आणि ढग सरकला की परत लिहिले जाते.

घरी आल्यावर आधी सायकल, मग चहा. हा क्रम चेनच्या आयुष्यासाठी आहे. चिखल वाळला की तो सँडपेपरसारखा चेन आणि दाते खातो. नळाच्या साध्या धारेने चिखल काढायचा, जोराची धार चाकाच्या आणि पॅडलच्या बेअरिंगवर मारायची नाही, जुन्या फडक्याने चेन पुसून कोरडी करायची आणि एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडायचा. मग स्वतःचे पाय. इस्टेटीतल्या साचलेल्या पाण्यातून आलेल्याने पाय साबणाने धुवावेत, आणि पायाला जखम किंवा खरचट असेल तर डॉक्टरांना दाखवावे. लेप्टोस्पायरोसिस असल्याच पाण्यातून होतो आणि वेळेवर औषध घेतले तर टळतो. मडगार्डच्या आत हमखास एक पान चिकटलेले सापडते, बहुधा करवीचे. खरखरीत, दंतुर कडांचे, वरून आलेले.

सायकल धुताना खाली जे तांबडे पाणी साचते ती येऊरची माती असते. ते पाणी मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून ठाणे खाडीत जाते. या खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. डोंगर, इस्टेट आणि खाडी ही तीन वेगळी ठिकाणे म्हणून आपण ओळखतो. पाण्याच्या हिशेबी तो एकच उतार आहे. आता या डोंगराच्या पोटातून ठाणे आणि बोरिवली जोडणारा दुहेरी बोगदा होतो आहे. जुलै २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. तो पूर्ण झाल्यावर ही रांग काही मिनिटांत, दिव्यांच्या उजेडात, पाऊस न दिसता पार करता येईल. त्या सोयीची शहराला गरज आहे. पण बोगद्यातून जाणाऱ्याला डोंगर भेटणार नाही, आणि जो डोंगर भेटलाच नाही त्याची काळजी कोणी का करावी, हा प्रश्न उरेल. भिजत, धापा टाकत चढणारा सायकलस्वार त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

म्हणून येऊरला जाणाऱ्याने, सायकलने असो की पायी, एवढे करावे. प्लास्टिकची बाटली, चिक्कीचा कागद, फुटलेली ट्यूब असे जे बरोबर नेले ते परत आणावे. वर टाकलेली प्रत्येक वस्तू पुढच्या सरीबरोबर खाली येते : आधी उपवनच्या तलावात, मग इस्टेटीतल्या नाल्याच्या तोंडाशी, आणि नाला तुंबला की आपल्याच दाराशी.